हिवाळा आला की मन का खचते? कोल्हापूरच्या एका आईच्या प्रश्नाचे उत्तर

कोल्हापुरातील एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये एडिंबर्गला गेली आणि आता तिथेच नोकरी करते. पहिल्या हिवाळ्यात नोव्हेंबरपासून ती दहा-दहा तास झोपू लागली, सारखा पाव आणि गोड खाऊ लागली, वजन वाढले, घरचे फोन घेईनाशी झाली आणि मार्च संपता संपता आपोआप पूर्ववत झाली. दुसऱ्या हिवाळ्यातही तेच झाले. आता तिसरा नोव्हेंबर सुरू आहे. ताईंचे स्वतःचे वय ५१ आहे आणि गेली तीन वर्षे दिवाळी उरकली की त्यांचेही मन उतरते, सांधे आखडतात, कशातच रस वाटत नाही. हा थंडीचा परिणाम आहे, आळस आहे की आजार आहे, दोघींना एकच झाले आहे का, आणि हिवाळ्यातल्या नैराश्यावर उपचार म्हणून वापरतात तो प्रखर प्रकाशाचा दिवा दोघींसाठी मागवावा का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मुलीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते हंगामी नैराश्याच्या वर्णनाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. तुमच्याबद्दल मात्र मी तोच शब्द इतक्यात वापरणार नाही. दोघींचा महिना एक असला तरी कारण एक असेलच असे नाही. या फरकावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण कोल्हापुरात चोवीस वर्षे मानसोपचाराचे काम करताना 'थंडीनं होतंय' एवढ्या एका वाक्याआड किती निरनिराळे आजार वर्षानुवर्षे दडून राहतात हे मी पाहिले आहे.

या आजाराचे पहिले रीतसर वर्णन १९८४ साली अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या संस्थेतील डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. रोझेंथाल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या लख्ख उन्हात वाढलेले होते आणि न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपली उमेद ओसरते, वसंतात परत येते, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले होते. तुमच्या मुलीचा प्रवासही तसाच, उन्हाच्या गावातून अंधाऱ्या हिवाळ्याकडे झालेला आहे. आज मानसोपचारात याला वेगळा आजार मानत नाहीत. नैराश्य हाच मूळ आजार असून त्याचे झटके ऋतूच्या चक्राने येत असतील, तर 'हंगामी स्वरूपाचे' असे विशेषण त्याला जोडले जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार त्यासाठी नैराश्य वर्षाच्या ठरावीक काळात सुरू झाले पाहिजे, ठरावीक काळात पूर्ण उतरले पाहिजे, लागोपाठ दोन वर्षे तसे घडले पाहिजे, त्या दोन वर्षांत इतर ऋतूंत झटका आलेला नसावा आणि आयुष्यभराचा हिशेब केला तरी हंगामी झटक्यांची संख्या बिगरहंगामी झटक्यांपेक्षा बरीच जास्त भरली पाहिजे. या अटींतील 'पूर्ण उतरले पाहिजे' हे शब्द ध्यानात ठेवा. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ओळखायला हा आजार अवघड जातो, कारण लोकांच्या डोक्यात नैराश्याचे जे चित्र असते त्याच्या तो उलट दिसतो. नेहमीच्या नैराश्यात बहुतेकांची झोप उडते, पहाटे तीन-चारला जाग येते, घास घशाखाली उतरत नाही, कपडे ढिले होतात. हिवाळी प्रकारात माणूस नऊ-दहा तास झोपतो आणि तरीही उठताना थकलेलाच असतो; भात, पाव, बटाटा, गोडधोड यांची ओढ लागते आणि दोन-तीन महिन्यांत वजन वाढते. हात-पाय जड होतात. लोकांत मिसळणे, फोन उचलणे, निरोपाला उत्तर देणे नकोसे वाटते. रडू येईलच असे नाही. आमच्या भागातले रुग्ण 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतात. 'डॉक्टर, मन खराब न्हाई, पर अंगच उचलंना झालंया', 'कायबी करू वाटंना' अशीच त्यांची तक्रार असते. म्हणून घरच्यांना ती आळसाची वाटते, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत तर सगळे परदेशात, हजारो मैलांवर घडत असल्याने 'तिकडे जाऊन बदलली' असाही अर्थ काढला जातो. कृपा करून तो अर्थ काढू नका.

थंडीच्या सकाळी वाकळेतून बाहेर यावेसे वाटत नाही, जरा जास्त खाल्ले जाते, हे सगळ्यांचेच होते आणि तो आजार नव्हे. फरक असा, की आळसावलेल्या माणसाला आवडीची गोष्ट समोर आली की तो उठतो. नैराश्यातल्या माणसाची आवडच विझलेली असते. ही अवस्था दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली, कामावर किंवा घरातल्या जबाबदाऱ्यांवर परिणाम झाला, 'मी सगळ्यांना ओझं झालोय' असे विचार येऊ लागले, तर तिला हवामानाच्या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही.

आता थंडीचा प्रश्न. हंगामी नैराश्याचा संबंध थंडीशी फारसा नाही, उजेडाशी आहे. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात एक छोटासा पेशीसमूह शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ चालवतो आणि ते घड्याळ रोज सकाळच्या उजेडाने लावले जाते. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, ज्यांचे मुख्य काम उजेड किती आहे हे या घड्याळाला कळवणे हे आहे. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर रात्रीच्या तयारीला लागते. हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवला की काहींचे घड्याळ मागे पडते, म्हणजे बाहेर दिवस उजाडलेला असतो आणि आत अजून रात्रच चालू असते. सेरोटोनिन या रसायनाच्या कामातही ऋतूनुसार फरक पडतो असे दिसले आहे. स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त आढळतो आणि घराण्यात नैराश्य असेल तर शक्यता वाढते, म्हणून तुमच्या स्वतःच्या त्रासाची माहिती मुलीच्या डॉक्टरांनाही असणे उपयोगाचे आहे.

उजेडाचा फरक आकड्यांत पाहिला की लगेच पटतो. एडिंबर्ग जवळजवळ ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचार वाजायच्या आत मावळतो. दिवस जेमतेम ७ तासांचा, तोही बहुधा ढगाळ. मुलगी अंधारात कामाला जाते, अंधारात परत येते आणि मधला उजेड कार्यालयाच्या काचेआड जातो. आपले कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि सर्वांत मोठा सुमारे १३ तासांचा. एवढासा फरक, तोही निरभ्र आकाशाखाली, तिकडच्यासारखा घाव घालत नाही. एक गोष्ट मात्र इथेही होते: जूनच्या आरंभी आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्याला सात वाजून गेल्यावर. जे लोक पाच-साडेपाचला उठून दिवसभर दुकानाच्या, कार्यालयाच्या किंवा जुन्या वाड्यातल्या माजघराच्या अंधारात काम करतात त्यांना ही तफावत जाणवू शकते. खरे पाहता आपल्याकडचा अंधारा काळ हिवाळा नसून जुलै-ऑगस्ट आहे. गगनबावडा, राधानगरीकडे आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आणि त्या दिवसांत मन मलूल होते असे सांगणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. काही थोड्या लोकांना याच्या उलट, उन्हाळ्यात नैराश्य येते. त्यात झोप आणि भूक कमी होते आणि चिडचिड, अस्वस्थता वाढते.

मात्र उजेडाने सगळे काही ठरते असेही नाही. आइसलंड इतके उत्तरेला असूनही तिथल्या लोकांत हा आजार अपेक्षेपेक्षा कमी आढळला, आणि कॅनडातील मॅनिटोबात स्थायिक झालेल्या आइसलंडी वंशाच्या लोकांतही तो कमीच दिसला. अक्षांश वाढला की प्रमाण वाढतेच का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. म्हणजे उजेड कमी होतो सगळ्यांनाच, पण आजार होतो तो ज्यांची शरीरप्रकृती त्याला हळवी आहे त्यांना.

आता तुमच्याकडे येतो, ताई. काही वर्षांपूर्वी तुमच्याच वयाच्या एक गृहिणी माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) 'थंडी आली की मला हे होतं, उन्हाळ्यात मी चांगली असते', असे त्या ठामपणे सांगत होत्या. मी त्यांना तारखा विचारल्या, त्या सांगता येईनात. मग घरात भिंतीवरचे कॅलेंडर असेल तर घेऊन या, म्हटले. पुढच्या खेपेला त्यांनी दोन वर्षांची दोन कॅलेंडरे गुंडाळी करून आणली. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब होता. बाईंचे अक्षर बारीक, डावीकडे कललेले, 'दीड' लिहून खाली छोटी रेघ. मुलाचे अक्षर मोठे, निळ्या बॉलपेनाचे. दूध घ्यायला पहाटे दारात त्याच जात, त्या उठल्या नाहीत की मुलगा जाई. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून निळे अक्षर सुरू झाले होते, इथपर्यंत त्यांचे म्हणणे खरे होते. पण आम्ही दोघांनी टेबलावर पाने उलटत नेली तेव्हा फेब्रुवारीत निळे अक्षर होते, एप्रिलमध्ये अर्धा महिना होते, मे महिन्यात लग्नसराईचे आठ-दहा दिवस सोडले तर उरलेला महिना निळाच होता, आणि जूनमध्येही ते होते. त्या गप्प बसून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, 'म्हंजे मी बरी झालेच नव्हते.' त्यांचा थायरॉइड तपासला, तो बराच कमी काम करत होता. थायरॉइडची गोळी आणि नैराश्याचे उपचार दोन्ही सुरू केल्यावर पुढच्या काही महिन्यांत त्या सावरल्या. थंडीत त्यांचा त्रास वाढत होता हे खरे, पण तो थंडीचा नव्हता आणि हिवाळा गेल्यावर पूर्ण उतरतही नव्हता.

आठवण ऋतूला चिकटते. ज्या महिन्यात त्रास सर्वांत जास्त झाला तोच लक्षात राहतो आणि मधले अर्धेमुर्धे दिवस विसरले जातात. म्हणून तुम्हालाही माझी पहिली विनंती तीच आहे: मागच्या दोन वर्षांच्या तारखा जमतील तितक्या गोळा करा. कोणत्या लग्नाला गेला नाहीत, कोणत्या सणाला पुरण घातले नाही, मोबाइलमधले फोटो कोणत्या महिन्यात एकदम कमी झाले, भिशीला कधी दांडी मारली, या गोष्टी 'मला आठवतंय' पेक्षा जास्त खरे बोलतात. आजपासून रोज रात्री कॅलेंडरवर दहापैकी एक आकडा मांडा, मन किती बरे होते त्याचा, आणि झोप किती तास झाली तेही.

दुसरे असे, की ऋतूबरोबर दरवर्षी येणारी अडचणही ऋतूसारखीच दिसते. करवीर किंवा कागलकडचे शेतकरी नोव्हेंबर ते जानेवारीत माझ्याकडे येतात तेव्हा ऊस उभा असतो, तुरा आलेला असतो, वजन घटू लागलेले असते, तोड मिळत नसते आणि टोळी दुसऱ्याच्या फडात असते. बिल हातात पडेपर्यंत त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. हे दुःख खरे आहे आणि त्यातून खरे नैराश्यही येते, पण त्याला हंगामी स्वरूपाचे नैराश्य म्हणत नाहीत. निदानपुस्तिकेतही दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारा असा ताण स्पष्टपणे वेगळा काढला आहे. त्याच काळात कोणाचे वर्षश्राद्ध येते, कोणाचा दमा उसळतो, कोणाची सांधेदुखी वाढते. तुम्ही सांधे आखडण्याचा उल्लेख केला आहे. दुखण्याने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने मन खचते, आणि ५१ व्या वर्षी मासिक पाळी थांबण्याच्या काळातले बदलही त्यात मिसळलेले असतात. शिवाय मुलगी दूर गेल्याला दोन वर्षे झाली आणि तुमचा त्रास तीन वर्षांचा आहे. हे दोन्ही कसे एकमेकांत गुंतले आहेत, हे समोर बसून बोलल्याशिवाय मला सांगता येणार नाही, पण गुंतलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून दिवा मागवण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता मला फार वेळा सापडते. मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खासगी फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते.

तुम्हाला दिव्याची गरज भासणार नाही, याचे कारण साधे आहे. उपचाराच्या दिव्याचा प्रकाश १०,००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) असतो आणि त्याच्यासमोर सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास बसायचे असते. माझ्या तपासणीच्या खोलीत ट्यूबलाइट लावल्यावर टेबलापाशी लक्समीटर २०० च्या आसपास दाखवतो आणि आपल्या डोळ्यांना ती खोली उजळ वाटते. तोच मीटर डिसेंबरात सकाळी साडेआठला मी गच्चीवर नेतो तेव्हा आकडा १५,००० च्या वर जातो. रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या रस्त्यावर सूर्य वर आल्यानंतर अर्धा-पाऊण तास चाललात तर तो प्रकाश फुकट मिळतो, आणि चालण्याचाही नैराश्यावर स्वतंत्र उपयोग होतो. पहाटे पाचला अंधारात फिरून येणाऱ्यांना मात्र प्रकाशाचा फायदा होत नाही. ते फिरणे साडेसात-आठवर न्यावे. सूर्याकडे थेट पाहू नये, एवढे पथ्य पाळा.

मुलीला दिव्याचा उपयोग होण्याची शक्यता बरीच आहे. दिवा या उपचारासाठीच बनवलेला आणि अतिनील किरणे गाळणारा असावा. तो उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, डोळ्यांच्या थोड्या वर ठेवावा. डोळे उघडे असावेत पण दिव्याकडे टक लावू नये. न्याहारी करत, वाचत बसले तरी चालते. संध्याकाळी वापरला तर झोप बिघडते. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पण मध्येच सोडला तर त्रास परत येतो, म्हणून वसंतापर्यंत तो चालू ठेवावा लागतो. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, किंवा प्रकाश सोसवेनासा करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. कॅनडात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ९६ रुग्णांच्या एका चाचणीत हा प्रकाश आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध आठ आठवड्यांत सारखेच गुणकारी ठरले. म्हणजे गोळी हा शेवटचा, नाइलाजाचा मार्ग आहे असे नाही. कोणाला काय सोयीचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हिवाळ्यासाठी खास बेतलेली बोधनिष्ठ वर्तनोपचार पद्धतीही आहे, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार, आणि पुढच्या हिवाळ्यांत आजार परत न येण्याच्या दृष्टीने तिचे निष्कर्ष चांगले आहेत. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा, आणि गडद त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. तो हाडांसाठी पाळावा, नैराश्यावरचा उपाय म्हणून नव्हे.

दिवा किंवा गोळी सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र विचारलीच पाहिजे, आणि ती बहुधा आईलाच नीट सांगता येते. मार्च-एप्रिलमध्ये मुलगी 'पूर्ववत' झाली की पूर्ववतच्या पलीकडे गेली? तीन-चार तासांच्या झोपेवर ताजीतवानी राहणे, बोलणे थांबवता न थांबणे, अचानक मोठी खरेदी, एकदम चार नव्या योजना, क्षुल्लक कारणावरून भांडण, असे काही आठवडाभर दिसले होते का? तसे असेल तर हा द्विध्रुवीय आजार असू शकतो. त्यात हिवाळ्यात खाली आणि वसंत-उन्हाळ्यात वर जाणारे रुग्ण पुष्कळ असतात. अशा वेळी निव्वळ नैराश्याची गोळी किंवा प्रकाश दिल्याने माणूस उन्मादात जाऊ शकतो. हे तिच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कळले पाहिजे.

मुलीशी बोलताना 'किती झोपतेस', 'किती जाड झालीस' या वाक्यांनी सुरुवात करू नका. ते तिला आधीच बोचत असते. 'मागच्या दोन्ही नोव्हेंबरांत तुला असंच झालं होतं आणि मार्चमध्ये बरं वाटलं होतं, हे मी लिहून ठेवलंय. याला उपाय आहे म्हणतात, जीपीला दाखवशील का?' असे विचारा. (जीपी म्हणजे तिकडचे नेहमीचे डॉक्टर.) जगावेसे वाटत नाही असे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर तिला एकटी राहू देऊ नका, जवळच्या मैत्रिणीला तिच्यापाशी बोलवा. तिथे १११ वर मदत मिळते आणि जिवाला धोका असेल तर ९९९. आपल्याकडे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. तुम्हालाही तो कधीही वापरता येईल. बरे वाटू लागण्याच्या दिवसांतही लक्ष असू द्या, कारण अंगात बळ आधी येते आणि मन मागाहून सावरते. जगभरात आत्महत्यांचे प्रमाण भर हिवाळ्यापेक्षा वसंतात जास्त असते, हे दीडशे वर्षांहून अधिक काळ नोंदले गेले आहे.

या वर्षीचा हिवाळा सुरू झालेला आहे, त्यामुळे मुलीने याच आठवड्यात भेटीची वेळ घ्यावी. पुढच्या वर्षी मात्र वाट पाहू नये. तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे नेतात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते. उपचार त्याच्या आधी तीन-चार आठवडे सुरू असले पाहिजेत. आपल्याकडे त्या सुमारास नवरात्र असते. नवे कॅलेंडर आणाल तेव्हा घटस्थापनेच्या चौकोनात एक खूण करून ठेवा: त्या सकाळी मुलीने दिवा लावायचा, तुम्ही साडेसातला चप्पल घालून बाहेर पडायचे, आणि परत आल्यावर दोघींनी एकमेकींना आदल्या दिवसाचा दहापैकी आकडा सांगायचा.